दोन्ही खुर्च्यांवरचे काका

माझं लग्न एका माणसाने मोडत आणलं आणि त्याच माणसाने तासाभरात ते जमवलंही. त्यामुळे त्याच्यावर रागवावं की त्याच्या पाया पडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सणावाराला मी पाया पडतो आणि मधल्या दिवसांत रागावतो. असं आमचं बरं चाललं आहे.

हा माणूस म्हणजे माझे मुलुंडचे घरमालक, काका. धंद्याने नट. 'अभिनेते' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "अभिनेत्याला न्यायला गाडी येते. मी रिक्षाने जातो. मी नट," असं ते बजावून सांगायचे. नाटक, मालिका, सिनेमा, जाहिराती, बालनाट्यातलं कासव, रेडिओवरचा आवाज, सगळं त्यांनी केलेलं. तरी रस्त्यात त्यांना कुणी ओळखायचं नाही. फार तर एखाद्या बाई थांबून विचारायच्या, "तुम्ही आमच्या नणंदेच्या बिल्डिंगमध्ये राहायचात का हो?" काका लगेच हो म्हणायचे आणि नणंदेची चौकशी करायचे.

मी देवरुखचा. मुलुंडला रबरी वॉशर बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात डिस्पॅचला लागलो आणि खोली शोधत फिरत होतो. पूर्वेला एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर मागची खोली भाड्याने आहे, असं कळलं. दार उघडलं ते एका झुबकेदार मिशीच्या गृहस्थाने. त्याने मला उंबऱ्याबाहेर उभं ठेवूनच फौजदारासारखी उलटतपासणी घेतली. गाव कुठलं, या आधी कुठे होतास, तिथून का निघालास, निघालास की काढलं? मला घाम फुटला. न केलेले दोन-तीन गुन्हे मी कबूल करायच्या बेतात होतो, एवढ्यात तो म्हणाला, "उद्या सामान घेऊन ये." दुसऱ्या दिवशी सामान घेऊन गेलो तर दार उघडलं एका गुळगुळीत चेहऱ्याच्या, खाली मान घालून बोलणाऱ्या माणसाने. मी विचारलं, "फौजदार साहेब आहेत का?"

"गेले ते," तो हळू आवाजात म्हणाला. "कालच शूटिंग संपलं त्यांचं. तू ये आत."

पुढची साडेतीन वर्षं मी त्या घरात होतो. नक्की किती माणसांबरोबर राहिलो, ते सांगणं कठीण आहे.

भूमिका हातात आली की काका ती घरी आणायचे. पाहुण्यासारखी नाही, चांगली ऐसपैस. न्यायाधीश करायचे असले की जेवायला बसताना आम्ही दोघांनी उभं राहावं अशी अपेक्षा असायची. काकू उभ्या राहायच्या नाहीत. काकू मालवणकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि सगळ्या मुलुंडात फक्त त्यांनाच काकांची भीती वाटत नसे. रोज सकाळी गॅसपाशी उभ्या राहून त्या एकच प्रश्न विचारायच्या.

"आज कोण तुम्ही? तां सांगा आधी, मग चाय टाकतंय."

कारण न्यायाधीश बिनसाखरेचा प्यायचे, भटजी दोन चमचे घालून, आणि गावचे सरपंच बशीतून. एकदा काका उठले आणि म्हणाले, "आज मी कुणीच नाही गं. आज काम नाही." तर काकूंनी चहाबरोबर गरमागरम घावणे केले. त्या घरात कुणीच नसण्याचे दिवस असे साजरे व्हायचे.

मिश्या हे काकांचं खरं वैभव. बिस्किटाच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवलेल्या अकरा मिश्या होत्या आणि प्रत्येकीखाली बॉलपेनने लिहिलेलं होतं, 'सज्जन', 'सासरा', 'सासरा, पण आतून चांगला', 'निवृत्त'. बाहेरच्या कामाला ते त्यातली बघून लावायचे. पाण्याच्या तक्रारीला जाताना 'निवृत्त', भाजी आणायला 'सज्जन'. 'सज्जन' लावून गेलं की कोथिंबीर जास्त मिळते, असा त्यांचा अनुभव होता. मी एकदा न विचारता 'सासरा' लावून भाजीला गेलो, तर भाजीवाली मला हसली आणि कोथिंबीरही दिली नाही. "मिशीत काही नसतं रे," काका म्हणाले. "मिशीमागे माणूस लागतो."

एका मालिकेत ते तीन आठवडे डॉक्टर होते. चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजी गुडघे दाखवायला आल्या. काकांनी त्यांना समजावलं की मी खोटा डॉक्टर आहे. आजी म्हणाल्या, "असू दे, तुम्ही बघा तरी." मग काकांनी बघितलं, आणि तीन मिनिटं त्यांचं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं. आजी बऱ्या झाल्या. पुढे संध्याकाळी जिन्यात रांग लागायला लागली. औषध एकच, "पाणी भरपूर प्या आणि सुनेशी गोड बोला." तळमजल्यावर खरे डॉक्टर राहायचे. त्यांनी शेवटी काकूंना हात जोडून विचारलं, "यांची मालिका कधी संपतेय?"

दुसऱ्या एका मालिकेत ते मेले. म्हणजे काम मेल्यापासूनच सुरू होतं. दिवाणखान्यात प्रेत ठेवलंय आणि भोवती कुटुंब भांडतंय. एका दिवसाचं काम, पण भांडण रंगलं, प्रेक्षकांना आवडलं, आणि काका अकरा दिवस चादरीखाली पडून राहिले. रोज घरी येऊन काकूंकडून कंबर चोळून घ्यायचे. "मेल्यावर पाठ फार दुखते गं," म्हणायचे. बाराव्या दिवशी त्यांना ऐन रडारडीत शिंक आली. सगळा सेट गार. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला, पण लेखकबाई हुशार होत्या. त्यांनी जागच्या जागी प्रेत जिवंत केलं. त्या शिंकेवर काकांनी पुढे चार महिने काम केलं. मृत्युपत्र बदललं, दोन सुनांना घराबाहेर काढलं, आणि शेवटी सन्मानाने पुन्हा मेले.

वेब सिरीजवाल्यांनी त्यांना गुंडांचा म्हातारा म्होरक्या दिला तेव्हा मात्र पंचाईत झाली. भूमिका फार मोठी, पण प्रत्येक वाक्यात शिवी. काकांना शिवी यायची नाही. त्यांच्या तोंडून 'गाढवा' निघालं तरी पाठोपाठ 'बाळा' यायचं. मग रोज सकाळी गॅलरीत उभं राहून ते कबुतरांवर सराव करू लागले. कबुतरं ढिम्म. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र सचिवांचा मेसेज आला, 'पहिल्या मजल्यावरून कोण ओरडतंय? लहान मुलं ऐकतात.' त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'मुलं म्हणतात, उच्चार फार स्पष्ट आहेत.' काकांनी तो मेसेज मला तीनदा वाचून दाखवला.

पण त्यांचा खरा लौकिक रिप्लेसमेंटचा. चालू नाटकातला कुणी आजारी पडला, कुणाचं विमान चुकलं, कुणी रुसून बसलं, की आयत्या वेळी दुसऱ्याला उभं करतात. मराठी नाटकवाल्यांच्या फोनमध्ये अशा वेळेसाठी काकांचा नंबर असायचा. त्यांना लोकांची नाटकंच्या नाटकं पाठ. एका कौटुंबिक नाटकात त्यांनी पंधरा वर्षांत आजोबा, वडील, शेजारी आणि घरगडी अशी सगळी कामं केली, आणि एकदा आत्याबाई खोपोलीला घाटात अडकल्या तेव्हा लुगडं नेसून आत्याबाईही. फक्त नायक तेवढा कधी आजारी पडला नाही. "तब्येत फार चांगली ठेवली आहे मेल्याने," काका म्हणायचे, पण त्यात विखार नसायचा.

एका रविवारी दुपारच्या प्रयोगाला एकाच वेळी दोघे आले नाहीत, चोर आणि हवालदार. तिकिटं गेलेली. काकांनी दोन्ही कामं घेतली. चोर म्हणून पळाले, विंगेतून टोपी घालून हवालदार म्हणून आले, आणि शेवटी स्वतःच्या एका हाताने दुसरा हात पिरगाळून, स्वतःला दरडावत, स्वतःला घेऊन गेले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ते मला सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. "रिकामी जागा बघवत नाही रे मला. समोरच्याने वाक्य टाकायचं कुणाकडे?"

हे सगळं मी कौतुकाने ऐकायचो. हीच खोड एक दिवस माझ्या लग्नावर उठेल, हे मला काय ठाऊक!

मुलगी मला मिळाली तीही काकांमुळेच. त्यांना मधुमेही म्हाताऱ्याचं काम होतं. सुई टोचताना माणूस नक्की कसा घाबरतो ते बघायला ते मला घेऊन स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेले. रक्त घ्यायला जी मुलगी होती, तिने सुई काढली मात्र, काका असे काही कापायला लागले, ओठ असे काही पांढरे केले, की मी चक्कर येऊन पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा ती माझ्या तोंडावर पाणी मारत होती आणि काका शेजारच्या स्टुलावर बसून आपलं बोट चोखत म्हणत होते, "जमलं वाटतं."

वर्षभराने आम्ही लग्न करायचं ठरवलं. ती बोरिवलीची, आईवेगळी, एकुलती एक. वडील पोस्टातून निवृत्त झालेले, अगदी मितभाषी. त्यांनी मला एकदा बघितलं आणि म्हणाले, "घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन या. बोलणी मोठ्यांशी होतात."

इथेच घोडं अडलं. माझे वडील लहानपणीच गेले. घरातले मोठे म्हणजे आबा, वडिलांचे थोरले भाऊ, देवरुखला. मी मुलगी त्यांना न विचारता पसंत केली म्हणून त्यांनी धरणं धरलं होतं. "लग्नाला येईन. बैठकीला येणार नाही. बघतो कोण ठरवतो ते," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पुढे तीन महिने उचललाच नाही. त्यांना डावलून बैठकीला यायची आईची छाती नव्हती. तिकडे बोरिवलीत तिच्या वडिलांचा विचार बदलायला लागला. ज्या मुलाच्या मागे घरचं कुणी उभं राहत नाही, त्याला मुलगी कशी द्यायची? एका शनिवारी ती लॅबमधून सुटून आली आणि काकूंच्या स्वयंपाकघरात बसून रडली.

काका दारात उभे राहून ऐकत होते. "आबांचं काम केवढं आहे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?" मी म्हटलं.

"एकाच अंकाचं ना? बैठकीपुरतं?"

ती डोळे पुसून म्हणाली, "नको. बाबांना कळलं तर सगळं संपलं. गरिबी चालेल, खोटं बोलणारं घर नको, असं आहे त्यांचं." मग नाक पुसून म्हणाली, "पण काका, तुम्हाला खरंच जमेल?"

हा प्रश्न काकांना विचारायला नको होता.

काकांनी माझ्या आईला व्हिडिओ कॉल लावला. आबा खाकरतात कसे, बसतात कसे, रागावले की आधी कुठला हात वर जातो? आईने तीस वर्षं आबांचा दरारा सोसलेला. ती आधी बावरली, मग खुलली, आणि शेवटी पदर खोचून तिने आबा करूनच दाखवले. फोनच्या दोन टोकांना दोन आबा एकमेकांकडे बघून खाकरत होते आणि काकू माझा दंड धरून हसत होत्या. आईने दोन अटीही सांगून ठेवल्या. लग्न देवरुखला, आमच्या दारात, आणि मुलीने पहिला चातुर्मास गावी काढायचा. "आबा बैठकीला असते तर हेच म्हणाले असते," ती म्हणाली, "आणि अटी घातल्या नाहीत तर पुढे मला ऐकून घ्यायला लागेल."

रविवारी अकराला आम्ही बोरिवलीला गेलो. चार खुर्च्या मांडल्या होत्या. इकडे दोन, तिकडे दोन. तिकडच्या एका खुर्चीवर तिचे वडील बसले आणि दुसरी रिकामी राहिली.

"तिच्या मामासाठी ठेवली होती," वडील म्हणाले. "पण तो बोटीवर असतो. यायला मिळालं नाही."

मी काकांकडे बघितलं. काका त्या खुर्चीकडे बघत होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सुरुवात झकास झाली. काका आबांसारखे खाकरले, आबांसारखे मांडीवर मूठ ठेवून बसले. माझ्या कष्टाळूपणाचं असं वर्णन केलं की तो मुलगा कोण, हे मलाच भेटून बघावंसं वाटलं. मग त्यांनी पहिली अट टाकली. "लग्न आमच्या दारात. देवरुखला."

"बरं," तिचे वडील म्हणाले.

काका थबकले. त्यांनी तयारी केली होती ती विरोधाची. "चारशे माणूस होईल आमचं," त्यांनी जरा जोर लावला.

"तुम्ही म्हणाल तसं."

"आणि मुलीने पहिला चातुर्मास गावी काढायचा. नोकरीचं मग बघू!"

वडिलांनी खाली मान घातली. बोटांची चाळवाचाळव केली. "चालेल," म्हणाले. आतल्या दारात ती उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. मी काकांना गुडघ्याने ढोसलं, की पुरे. पण काका माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. समोरून वाक्य येत नव्हतं. अख्खा प्रसंग पडत होता.

आणि काका उठले. चार पावलं चालले. रिकाम्या खुर्चीवर बसले. पायावर पाय टाकला, बोटीवरच्या माणसाने टाकावा तसा, आणि आमच्या बाजूच्या मोकळ्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "एक मिनिट, आबासाहेब! आमची मुलगी नोकरी का म्हणून सोडेल?"

मी गार झालो. काका परत इकडे आले, मूठ मांडीवर. "आमच्या घराण्यात बायका नोकरी करत नाहीत!"

पुन्हा तिकडे. "मग तुमच्या घराण्याने शिकलेली मुलगी का बघितली? या मुलीने आईच्या आजारपणात रात्री अभ्यास केलाय. बापाचं पथ्यपाणी सांभाळलंय. तिला तुम्ही चार महिने देवरुखला तांदूळ निवडायला बसवणार?"

"आवाज खाली करा!"

"नाही करत! आणि लग्न देवरुखला कशासाठी? या माणसाचे गुडघे बघितलेत? घाटातून सात तास बसून येणार ते?"

काका धापा टाकत येरझारा घालत होते आणि दर खेपेला आमची बाजू जास्त जास्त हरत होती. मामा फारच जोरात होते. शेवटी आबा चवताळले, माझं मनगट धरून मला खुर्चीतून उठवलं आणि गरजले, "चल रे! हे लग्न होणे नाही!"

आणि तिकडे जाऊन मामांनी दाराकडे बोट दाखवलं. "जा! आमच्या मुलीला मुलांची कमी नाही!"

झालं, वाट लागली. एक माणूस स्वतःशी भांडला आणि त्यात माझं लग्न मोडलं. मी अर्धवट उठलेला, काका मध्यभागी उभे, इकडे जावं की तिकडे ते त्यांना कळेना, कारण दोन्हीकडून बोलणं संपलं होतं. एवढ्यात ती आतून ट्रे घेऊन आली. तिने दोन कप काढले, एक या स्टुलावर ठेवला, एक त्या.

"दोघांनीही चहा घ्या आधी," ती शांतपणे म्हणाली. "हा बिनसाखरेचा. मामांना साखर चालते."

तिच्या वडिलांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, गेले. पण ते हसत होते. आधी नुसते खांदे हलले, मग चष्मा काढला, मग पोट धरून खुर्चीत आडवे झाले. बायको गेल्यापासून ते असे हसले नव्हते, हे मला तिने नंतर सांगितलं. काकांनी गडबडीने दोन्ही चहा पिऊन टाकले.

"तुम्ही यांचे काका नाही," वडील डोळे पुसत म्हणाले. "पहिल्या पाच मिनिटांत कळलं मला. सख्खा काका पुतण्याचं इतकं कौतुक करत नाही."

काकांनी मान खाली घातली. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं, आबांचं, फोनचं, घरमालकांचं. ती ट्रे छातीशी धरून उभी होती.

"मी तुम्हाला उठवूनच लावणार होतो," वडील म्हणाले. "खोटं मला चालत नाही. पण तुम्ही इकडे येऊन बसलात. इथे बसून जे बोललात, त्यात खोटं काय होतं? ते मी बोलायला हवं होतं. मला बोलता येत नाही हो. हिची आई बोलायची." त्यांनी चष्मा परत लावला. "लग्न होईल. बोरिवलीत होईल, नोकरी राहील, दर शनिवारी ती माझ्याकडे येईल. तुमच्या आईला मी फोन करतो. पण माझी एक अट आहे. हे लग्नात आमच्याकडून उभे राहतील. मुलीचे मामा म्हणून."

काकांनी वर बघितलं.

"किती दिवसांचं काम आहे?" त्यांनी विचारलं.

"कायमचं," तिचे वडील म्हणाले.

लग्न झालं. आईने अटी सोडल्या त्या हसत हसत. आबाही आले. पहिल्या रांगेत फुगून बसले आणि जिलबी तीनदा घेतली. काका नवं धोतर नेसून, मिशी न लावता, तिला हाताला धरून बोहल्यावर घेऊन आले. पाठवणीच्या वेळी ते इतके रडले की तिच्या वडिलांना त्यांची समजूत काढावी लागली. आमची गाडी निघाली तेव्हा मी काच खाली करून म्हटलं, "काका, चला ना, पुढे जागा आहे." तर त्यांनी हात जोडले. "तुमची मंडळी पुढे जाऊ द्या," म्हणाले. मला 'तुमची' म्हणाले! आणि मुलुंडपर्यंत, सगळ्या लिंक रोडने, ते आमच्या मागून रिक्षाने आले.

घरी पोचलो. आईच्या हातात आरतीचं तबक, उंबऱ्यावर ठेवायला तांदळाचं माप, सगळं तयार, आणि दाराला कुलूप. काकू कठड्यावरून ओरडल्या, "अहो, चावी तुमच्याकडे आसा! वर येवा!"

काका खाली अंगणातल्या बाकावर बसले होते. "मी नाही येणार," ते म्हणाले. "मुलीच्या सासरी पाठोपाठ जायचं नसतं."

"अहो, ह्यां आपलां घर!"

"आज ते तिचं सासर आहे."

आणि त्यांनी खालून चावी फेकली. ती गेली दुसऱ्या मजल्यावर आजींच्या गॅलरीत. आजींनी ती परत टाकली ती गुलमोहरात. अर्धं मुलुंड काठ्या घेऊन जमलं तेव्हा कुठे चावी मिळाली आणि माझी बायको माप ओलांडून घरात आली.

दिवेलागणीला पानं मांडली तरी काका खालीच. काकू पुन्हा कठड्याशी गेल्या. "जेवूक येतास काय नाय?"

"मुलीच्या घरी पाणीसुद्धा घ्यायचं नसतं आम्हाला."

"कधीपर्यंत?"

"नातवंड होईपर्यंत," काका म्हणाले.

"म्हणजे तोपर्यंत बाकावर बसतलात?" काकू म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्या घरात मूल झालं नव्हतं. त्या पदराने नाक पुसत आत गेल्या.

मी खाली गेलो. काका रडत होते. मला हसू आलं. मी म्हटलं, "पुरे आता काका. इथे कुणी बघत नाहीये."

"म्हणून तर रडतोय," ते म्हणाले.

मग मला हसता येईना. मी त्यांच्याजवळ बसलो आणि थोड्या वेळाने वर आलो. तिला सांगितलं. तिने शालूचा पदर कमरेला खोचला, दोन ताटं वाढून घेतली, वर श्रीखंडाचा कडीचा डबा एका हाताला अडकवला आणि जिना उतरून गेली. वरून मी बघितलं. ती बाकावर त्यांच्या शेजारी बसली आणि एक ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"हे सासर नाही," ती म्हणाली. "हा बाक माझं माहेर. आता जेवा."

काका जेवायला लागले. पहिल्या घासाला त्यांना ठसका लागला, तिने पाठीवर हात फिरवला. मला राहवेना. मीही ताट वाढून घेतलं आणि जिन्याकडे निघालो.

"तू वरच थांब!" ती खालून ओरडली.

"का?"

"जावयाने बोलावल्याशिवाय यायचं नसतं!" काका तोंडात घास असतानाच ओरडले.

मी ताट घेऊन गॅलरीत उभा राहिलो. शेजारी आई, काकू आणि सगळा मजला हसत होता. बोलावणं आलं, ते श्रीखंड संपल्यावर.